सभासदांची यादी आणि तळटीपेतला मास्तर

मराठीच्या विद्यार्थ्याला 'सभासद' हा शब्द प्रथम भेटतो तो एका बखरकाराची ओळख म्हणून. कृष्णाजी अनंत यांनी १६९७ च्या सुमारास, जिंजीच्या मुक्कामी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्र लिहिले आणि ते पुढे 'सभासद बखर' या नावानेच रूढ झाले. सभेत बसण्याचा ज्याला मान आहे तो सभासद. आणि सभेत बसतो म्हणूनच त्याच्या सांगण्याला वजन आहे, असे त्या नावातच गृहीत धरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत विद्वत्सभा निघाल्या तेव्हा हा मान वर्गणीवर मिळू लागला. आज तो अर्ज भरून मिळतो. मानाचे स्वरूप बदलले, तरी शब्दाच्या पोटातला प्रश्न बदललेला नाही. सभेत कोण बसले आहे, आणि सभेत ज्याच्याविषयी बोलले जाते तो कोठे बसला आहे?

हा प्रश्न आम्ही समाजशास्त्राच्या संदर्भात विचारणार आहोत. मराठीच्या प्राध्यापकांनी समाजशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या इतिहासात डोकावण्याचे कारण काय, असे काही वाचकांना वाटेल. कारण असे की 'इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी' ही आज दिल्लीत कार्यालय असलेली संघटना जन्मली मुंबईत. तिचा संस्थापक मालवणचा. तिच्या जन्मापूर्वी आणि नंतरही मराठीत समाजाविषयी जे उत्तम लिहिले गेले त्यातले बरेचसे आम्ही 'साहित्य' म्हणून शिकवतो. आणि ज्या वसई-विरारच्या महाविद्यालयांत आम्ही शिकवतो, त्या परिसरातील माणसे शंभराहून अधिक वर्षे या शास्त्राचा विषय होत आली आहेत. विषय झाली, सभासद क्वचितच झाली.

मुंबईतील विद्वत्सभांचा इतिहास जुना आहे. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी १८०४ मध्ये काढलेली 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. तिच्यात पहिला भारतीय सभासद घेतला गेला तो १८४० मध्ये. माणेकजी कर्सेटजी हे त्यांचे नाव. म्हणजे छत्तीस वर्षे या देशाची भाषा, नाणी, लेणी, जाती यांवर चर्चा करणाऱ्या सभेत या देशाचा एकही माणूस नव्हता. वसईच्या किल्ल्यावर आणि चौलवर १८७६ मध्ये ग्रंथ लिहिणारे गोव्याचे जे. गर्सन द कुन्हा, किंवा १८८२ मध्ये आमच्या नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे काम या सभेच्या परिघातच गाजले. ते शक्य झाले ते १८४० मध्ये दार उघडले म्हणून.

दुसरे एक उदाहरण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. इंग्रजीत निबंध वाचणाऱ्या या सभेने थोड्याच काळात मराठी आणि गुजराती भाषांसाठी स्वतंत्र ज्ञानप्रसारक सभा काढल्या. वर इंग्रजी सभा, तिच्या जोडीला देशी भाषांतील शाखा, अशी ही रचना होती. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना तेव्हा सुचलेली ही गोष्ट पुढच्या शतकातील प्रौढ विद्वानांना सुचली नाही. असो, त्याकडे पुढे येऊ.

१८८६ मध्ये मुंबईत 'अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे' निघाली. भारतातील मानववंशशास्त्राची ही आरंभीची संघटना. जाती, चालीरीती, नजर लागणे, भूतपिशाच, सुवेर-सुतक अशा विषयांवर तिच्या नियतकालिकात टिपणे येत. लिहिणारे बहुधा सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर, पारशी विद्वान. याच काळात नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची एक लांबलचक प्रश्नावली तयार केली आणि ती मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडली. सूर्याला अर्घ्य का देतात, ग्रहणात काय करतात, विहिरीत कोण राहते, साथ आली की कोणत्या देवीला काय वाहतात, असे प्रश्न. जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने अंत झाला. मागे राहिलेली मास्तरांची उत्तरे आर. ई. एन्थोवेन यांनी संकलित केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणाचा १९१५ मध्ये निघाला.

कोकणाच्या त्या खंडात ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील मजकूर आहे. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. पान उलटावे तसतशा तळटीपा दिसतात आणि त्यांची ठेवण एकच: 'स्कूल मास्टर' आणि पुढे गावाचे नाव. मास्तरांचे नाव नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन आय.सी.एस. अधिकारी आहेत, मजकुराच्या प्रत्येक ओळीखाली एक निनावी मास्तर. गावातली म्हातारी, भगत, कोळी, कुणबी यांना विचारून, मनात मराठीत जुळवून, सरकारी कागदावर उत्तर लिहिणारा हा माणूस खरे तर या शास्त्राचा आपल्याकडील पहिला क्षेत्रकार्यकर्ता. त्या काळच्या कोणत्याही सभेची बातमी त्याच्यापर्यंत पोचत नसे. आपण पाठवलेल्या उत्तरांचे पुस्तक झाले हे त्यांच्यापैकी कितींना कळले असेल, याची आम्हांला शंका आहे. तळटीपेतल्या या मास्तराला आमच्या मनात एक वेगळी जागा आहे, हे येथे सांगून टाकतो. शेवटी आम्हीही त्याच गावांतले मास्तर.

विद्यापीठीय समाजशास्त्राचा आरंभ यानंतर चार वर्षांनी झाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. गेडिस हे नगररचनेचे पंडित. शहर पायी हिंडून पाहावे, मग त्यावर बोलावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्यांच्याकडेच राहिली. घुर्ये यांचा जन्म १८९३ चा, मालवणचा. मूळ शिक्षण संस्कृतचे. पुढे ते केंब्रिजला गेले आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स व त्यांच्या मृत्यूनंतर ए. सी. हॅडन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. जात, गोत्र, साधू, वेशभूषा, शहरे अशा विषयांवर त्यांनी लिहिले, आणि १९६५ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांतील विवेक व न्याय या विषयावरही एक पुस्तक लिहिले! साहित्याच्या वर्गात ते कोणी काढून दाखवत नाही ही आमच्या अभ्यासक्रमांची कंजुषी म्हणायची. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांची नुसती नावे घेतली तरी भारतीय समाजशास्त्राची अर्धी वंशावळ होते: एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, ए. आर. देसाई, आय. पी. देसाई, एम. एस. ए. राव.

डिसेंबर १९५१ मध्ये घुर्ये यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची नोंदणी झाली. ते पहिले अध्यक्ष. १९५२ पासून 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' हे तिचे नियतकालिक निघू लागले. आरंभी वर्षाला दोन अंक, पुढे तीन. आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोच्या प्रेरणेने १९४९ मध्ये ओस्लो येथे समाजशास्त्रज्ञांची जागतिक संघटना उभी राहिली होती. तिच्याशी बोलायचे तर देशातही एक संघटना हवी, ही गरज त्यामागे होतीच. पण त्याहून साधी गरज अशी की समाजशास्त्राचे विभाग त्या वेळी देशात बोटांवर मोजण्याइतके होते आणि एकाचे काम दुसऱ्याला कळण्याचे साधन नव्हते. विद्वत्सभेचे पहिले काम ज्ञाननिर्मिती हे नसते. बातमी पोचवणे हे असते. कोणते पुस्तक निघाले, कोठे परिषद आहे, कोणती शिष्यवृत्ती मिळू शकते, कोणाचा प्रबंध कोणत्या विषयावर चालू आहे. ही बातमी ज्याला वेळेवर कळते तो विद्वान होण्याची शक्यता वाढते. ज्याला कळत नाही तो हुशार असूनही मास्तर राहतो. हे विधान कोणाला कडवट वाटेल. तालुक्याच्या महाविद्यालयात वीस वर्षे शिकवलेल्या कोणालाही विचारावे.

मुंबईच्या सभेला उत्तरेत प्रतिस्पर्धी निर्माण झाला. लखनौ आणि आग्रा येथील अभ्यासकांनी १९५५ पासून 'ऑल इंडिया सोशिऑलॉजिकल कॉन्फरन्स' भरवायला सुरुवात केली. पहिली परिषद डेहराडूनला झाली आणि तिचे अध्यक्ष होते धूर्जटीप्रसाद मुखर्जी. म्हणजे काही वर्षे चित्र असे होते की नियतकालिक मुंबईचे आणि परिषद उत्तरेची. १९६७ मध्ये दोन्ही एक झाल्या. नाव मुंबईच्या सोसायटीचे राहिले, अखिल भारतीय परिषद ही तिची वार्षिक परिषद झाली, आणि कार्यालय दिल्लीला गेले. घुर्ये तोवर अध्यक्षपदावरून दूर झाले होते. १९८६ मध्ये समाजशास्त्राची अकरावी जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली. हा सर्व इतिहास संघटनेच्या दृष्टीने यशाचाच आहे आणि तसाच तो सांगितला जातो.

धूर्जटीप्रसादांच्या १९५५ च्या अध्यक्षीय भाषणाचे मात्र काय झाले, हे विचारण्यासारखे आहे. हे भाषण समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही 'परंपरा आणि परिवर्तन' या प्रकरणात येते. त्यात त्यांनी सांगितले होते की ज्या भाषांमध्ये इथल्या परंपरा प्रतीकरूपाने साठवलेल्या आहेत, त्या संस्कृतसारख्या भाषांचा पाया नसेल तर भारतातले समाजसंशोधन दुसऱ्यांच्या कामाची फिकी नक्कल होईल. भाषण गाजले. त्यातली परंपरा पुढच्या पिढ्यांनी चर्चेला घेतली, भाषा बाजूला ठेवली. स्वतः धूर्जटीप्रसाद बंगालीतले कादंबरीकार होते, संगीताचे मर्मज्ञ होते, घुर्ये संस्कृतज्ञ. भाषेवाचून समाज कळत नाही हे या दोघांना कोणी शिकवायला नको होते. तरीही दोघांनी उभ्या केलेल्या सभांचा व्यवहार इंग्रजीतच राहिला. राष्ट्रीय पातळीवर दुसरा सोयीचा मार्ग नव्हता, हे मान्य. अलीकडे सोसायटीचे हिंदी नियतकालिकही निघते. पण १८४८ च्या विद्यार्थ्यांनी केली तशी मराठीची, तमिळची, बंगालीची शाखा आपल्या सभेला जोडून घ्यावी असे राष्ट्रीय सभेला आरंभी वाटले असते, तर सभासदांच्या यादीत शाळामास्तरांची नावे दिसू लागली असती.

मराठीत मात्र वेगळीच गोष्ट घडत होती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट केली. त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. तो लिहून ते परतले आणि मराठीत ज्ञानकोश रचण्यात व कादंबऱ्या लिहिण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांच्या कादंबऱ्या आम्ही 'विचारप्रधान, पण कलादृष्ट्या सैल' असा शेरा मारून शिकवतो. त्या कादंबऱ्यांत विधवा, मिश्रविवाह, परदेशस्थ महाराष्ट्रीय, अनौरस संतती यांविषयीचे जे सूक्ष्म सामाजिक निरीक्षण आहे ते शोधनिबंधात मावणारे नव्हते म्हणून कादंबरीत गेले, असे आम्हांला वाटते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, म्हणजे कोकणाच्या त्या लोकसमजुतींच्या खंडाचा समकालीन. गावातील बलुते-अलुते, हक्क, उधारी, भिक्षा यांचा इतका तपशील देणारे दुसरे पुस्तक त्या काळात विरळा. आत्रे महसूल खात्यात होते, आणि ते मराठीत लिहीत होते. म्हणून त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहे. इंग्रजीत तेच सांगितले असते तर ते कदाचित एखाद्या गॅझेटियरच्या तळटीपेत गेले असते.

इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांनी मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केले, बर्लिनला डॉक्टरेट केली आणि १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' १९५३ चे. त्याच्या मागे-पुढे 'परिपूर्ती' (१९४९), 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१), 'भोवरा' (१९६४), 'युगान्त' (१९६७). पंढरपूरच्या वारीत पायी चालून आल्यावर त्यांनी मराठीत जो लेख लिहिला, त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत तो ललित निबंध म्हणून वाचला जातो. इंग्रजीत तो क्षेत्रकार्याचा दस्तऐवज म्हणून उद्धृत होतो. वारीतल्या बायका वेगवेगळ्या जातींच्या पंगतींत का जेवतात, हा त्यातला सल दोन्ही भाषांत तोच आहे. आमच्यासारख्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत इरावतीबाई दोन कपाटांत विभागलेल्या असतात: दशांश वर्गीकरणात ८९१.४६ खाली एक आणि ३०१ च्या आसपास दुसऱ्या. मराठीचा विद्यार्थी दुसऱ्या कपाटाकडे जात नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याकडे फिरकत नाही, कारण ते 'अवांतर'.

दुर्गाबाई भागवतांविषयी थोडक्यात एवढेच की मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये हिंडून काम करणाऱ्या, पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख राहिलेल्या या विदुषीचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना 'ऋतुचक्र'पुरतेच माहीत असते.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांवर तीन प्रकारचे लेखन आहे आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावे असे आम्ही आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो. पहिले, डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याचा मुंबई सरकारला सादर झालेला १९३० च्या दशकाअखेरचा अहवाल. सावकार, जंगल ठेकेदार आणि वेठ यांनी आदिवासींचे काय केले ते त्यात एका सनदी अधिकाऱ्याने स्वच्छ लिहिले आहे. दुसरे, के. जे. सावे यांचे 'द वारलीज' हे १९४५ चे इंग्रजी पुस्तक: कुळे, लग्नविधी, देव, गाणी, घरे. तिसरे, गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७० चे, ज्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि या तिघांच्या मागे एक मोठा वाद उभा होता. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटले होते. व्हेरिअर एल्विन यांची भूमिका याच्या उलट, त्यांचे वेगळेपण जपावे अशी होती. देशभर विद्वान या वादात गुंतले होते.

सावे यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. ऑक्टोबरच्या १० तारखेला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. वारली हिंदू की वेगळे, हा सभेतला प्रश्न. वेठ बंद होणार की नाही, हा वारल्यांचा. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचे मोल असे की त्यात वारली प्रश्न विचारतात, शंका काढतात, सभा कशी चालवायची यावर आपसांत भांडतात. गोदावरीबाई त्यांच्याकडून भाषा शिकतात आणि ते वाचकाला दिसते. ही आत्मकथनपर मोहीमकथा आम्ही साहित्य म्हणून लावली. समाजशास्त्रात ती 'पूरक वाचन' आहे. कोणत्याही विद्वत्सभेच्या निकषांवर ती शोधग्रंथ ठरली नसती. तळटीपा नाहीत ना!

वसईच्या ख्रिस्ती समाजाचेही असेच. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या दोन शतकांत ख्रिस्ती झालेल्या येथील समाजांवर एल्सी बाप्टिस्टा यांचा 'द ईस्ट इंडियन्स' हा इंग्रजी अभ्यास १९६७ मध्ये 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'ने प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात मुंबई आणि साष्टीबरोबर वसई आहे. ग्रंथ उपयुक्त आहे. पण 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये मुंबईत स्वीकारलेले. वसईत माणूस स्वतःला सामवेदी म्हणतो, वाडवळ म्हणतो, कोळी म्हणतो. आणि त्याच्या बोलीलाही तीच नावे आहेत. या बोली आणि त्यांतली गाणी, लग्नातले विधी, वाडीतली पाण्याची व्यवस्था यांविषयी गेल्या काही दशकांत जे लिहिले गेले ते बव्हंशी मराठीत आणि स्थानिक नियतकालिकांत. 'सुवार्ता' मासिकाचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ संपादन केले. याच दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीत टँकरलॉबी, बांधकाम व्यावसायिक आणि दहशत यांच्याविरुद्ध उभे राहून नागरीकरणाविषयी जे मांडले, ते नागरी समाजशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शोभले असते. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. साहित्याच्या सभेने त्यांना अध्यक्ष केले, ही आमच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. २०२४ मध्ये ते गेले.

घुर्ये यांनी १९६३ मध्ये पुण्याजवळच्या परिसरावर एक पुस्तक लिहिले होते आणि त्याच्या शीर्षकात 'रुरअर्बन' असा जोडशब्द वापरला होता. ना पुरते खेडे, ना पुरते शहर. आमच्या परिसराला याहून नेमका शब्द नाही. विरारपर्यंत विजेची गाडी आली १९३६ मध्ये. तेव्हापासून येथील केळी, विड्याची पाने, फुले, भाजी आणि पुढे माणसे रोज मुंबईला जात आहेत. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. आणि लगोलग २९ गावांनी आम्हांला पालिकेत घेऊ नका म्हणून आंदोलन उभारले, ते न्यायालयापर्यंत गेले. गाव म्हणजे काय, हा समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रकरणातला प्रश्न. येथे तो मोर्चात विचारला गेला, बायकांनी लाल लुगड्यांत रस्त्यावर येऊन विचारला. या आंदोलनाचे कागद, पत्रके, ग्रामसभांचे ठराव मराठीत आहेत आणि घराघरांत पडून आहेत. कोणी तरी ते वेळेत गोळा करावेत.

मराठीत समाजशास्त्र चालवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी पातळीची पाठ्यपुस्तके काढली, स. मा. गर्गे यांनी 'भारतीय समाजविज्ञान कोशा'चे खंड संपादित केले. मराठी समाजशास्त्र परिषद आपली अधिवेशने मराठीत भरवते, त्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतले प्राध्यापक निबंध वाचतात. तेथील चर्चेचा दर्जा सर्वत्र सारखा नसतो. भाषांतरित पारिभाषिक शब्दांच्या ओझ्याखाली काही निबंध वाकलेले असतात हेही खरे. 'समाजीकरण', 'स्तरीकरण', 'भूमिका-संच' अशा शब्दांची रांग लावली की मराठीत शास्त्र आले असे होत नाही. शर्मिला रेगे यांनी लावणी, पोवाडा, सत्यशोधकी जलसे आणि दलित स्त्रियांची आत्मकथने यांवर लिहिताना जे केले ते वेगळे होते. २००६ च्या त्यांच्या ग्रंथात शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, कुमुद पावडे यांचे मराठी लेखन हे समाजशास्त्रासाठी कच्चा माल नाही. ते स्वतःच सिद्धान्तन आहे, अशी भूमिका आहे. ग्रंथ इंग्रजी, पण त्याची मुळे मराठीत. वर्गात इंग्रजी न येणारा विद्यार्थी गप्प बसतो तेव्हा गप्प कोण झाले आहे, हेही त्यांनी विचारले. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या.

आणि आजच्या बातम्या, आजच्या संधी? राष्ट्रीय सोसायटीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला आणि महाविद्यालयीन अध्यापकाला प्रवेश मिळतो. तिच्या विषयवार संशोधन समित्या आहेत, वार्षिक परिषदेत त्यांची स्वतंत्र सत्रे होतात. 'बुलेटिन'मधल्या तरुण लेखकाच्या उत्तम निबंधाला श्रीनिवास यांच्या नावाने पारितोषिक आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही मराठी. तिचे पश्चिम विभागीय केंद्र कालिन्याला आहे. विरारहून गाडीने सांताक्रूझ, तेथून रिक्षा. अंतर फारसे नाही. पण २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी परिषदा आणि निबंध यांना गुण जोडले आणि सभासदत्व ही बढतीच्या फायलीतली एक नोंद झाली. पुढे नियम बदलले, मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली आणि २०२५ मध्ये तीही रद्द झाली. फायलीची सवय राहिली. निबंध वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचे, दुपारच्या जेवणानंतर परतीची गाडी पकडायची. ज्या सभेत सभासदच सभासदाचे ऐकत नाही तेथे तळटीपेतल्या माणसाचे कोण ऐकणार?

आमच्या मराठीच्या वर्गात प्रकल्प म्हणून घरच्या बोलीतील गाणी, म्हणी, विहिरी-वाड्यांची नावे गोळा करायला आम्ही सांगतो. मुलांनी आणलेल्या वह्या मराठी विभागाच्या कपाटात आहेत. त्यांत रहाटाच्या विहिरीवर पाण्याची पाळी कशी ठरे, कोणत्या घरची बाई कोणत्या घरात पापड लाटायला जाई, जमीन विकल्यावर भावाभावांत बोलणे कसे बंद झाले, असे सारे आहे. समाजशास्त्राच्या विभागातील सहकाऱ्यांनी त्या मागून नेल्या आहेत आणि त्यांतल्या दोन विषयांवर पुढील अधिवेशनासाठी संयुक्त निबंध लिहायचे ठरले आहे, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. लेखकांच्या नावांचा क्रम काय असावा, वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आधी की मार्गदर्शकांचे, आणि ज्या आजीने सांगितले तिचे कोठे, यावर आमची चर्चा अजून चालू आहे.